सुजलेल्या पायाची मालीश : केव्हा हितकारक, केव्हा घातक?

उतारवयात पायांवर सूज येणे आपल्याकडे इतके सर्रास झाले आहे की, अनेक घरांत तिच्याकडे वयाचाच एक भाग म्हणून पाहिले जाते. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुततो, लुगड्याच्या काठाखालचा घोटा दिसेनासा होतो, बोटाने दाबले की खळगा पडतो. मग घरातील कोणीतरी मायेने तेलाची वाटी घेऊन पायाशी बसते. या प्रेमळ प्रथेत अलीकडे एका नव्या नावाची भर पडली आहे. ‘लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज’, म्हणजेच लसीकेचा निचरा करणारी मालीश. मोबाइलवरील चित्रफिती आणि मोठ्या शहरांतील सौंदर्यप्रसाधनगृहे यांच्याकडून हा शब्द आता आपल्या गावांपर्यंत पोहोचला आहे. “डॉक्टरसाहेब, आईच्या पायाला ती मालीश करून पाहू का?” असा प्रश्न मला आता वारंवार विचारला जातो.

या प्रश्नाचे सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही. लसीकावाहिन्यांतील अडथळ्यामुळे आलेल्या सुजेला ही मालीश, योग्य प्रकारे केल्यास, निश्चित उपकारक आहे. इतर कारणांनी आलेल्या सुजेला ती बहुधा निरुपयोगी असते आणि काही प्रसंगी जीवावर बेतू शकते. म्हणून पायाला हात लावण्यापूर्वी सुजेचे कारण कळणे आवश्यक आहे. भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्यांना तर हा विषय परका मानून चालणारच नाही. कारण लसीकावाहिन्या बंद पाडणारा हत्तीरोग आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकून आहे.

लसीका म्हणजे काय?

रक्तवाहिन्यांतून रक्त वाहत असताना त्यातील पाण्यासारखा द्रव सूक्ष्म केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतो आणि पेशींना पोषण पुरवतो. त्यातील बराचसा भाग पुन्हा रक्तात शोषला जातो; उरलेला द्रव, त्यातील प्रथिने आणि जंतूंचे अवशेष वाहून नेण्यासाठी शरीरात एक स्वतंत्र जाळे आहे. त्यातून वाहणारा द्रव म्हणजे लसीका. दिवसाकाठी सुमारे २ ते ४ लिटर लसीका या मार्गाने गळ्याच्या बुडाशी असलेल्या मोठ्या शिरांत परत जाते. वाटेत जांघेत, काखेत, मानेत आणि पोटात लसीकाग्रंथींची ठाणी असतात. तेथे जंतूंची झडती घेतली जाते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते याच ग्रंथींमुळे.

रक्ताभिसरणाला हृदयाचा पंप आहे, तसा स्वतंत्र पंप लसीकेला नाही. लसीकावाहिन्यांच्या भिंतींचे मंद आकुंचन, आतील एकेरी झडपा, चालताना होणारी स्नायूंची हालचाल आणि श्वासागणिक छाती-पोटात बदलणारा दाब यांच्या जोरावरच ती वर चढते. दिवसभर पाय लोंबते किंवा दुमडलेले ठेवून बसणाऱ्यांच्या पायांवर संध्याकाळी सूज का दिसते, याचे एक उत्तर येथे मिळते. विड्या वळणाऱ्या स्त्रिया, दुकानदार, चाकाच्या खुर्चीवरील वृद्ध हे सारे यात आले.

धानाची शेती करणाऱ्या वाचकांना ही रचना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. एका बांधीतले पाणी खालच्या बांधीत आणि तेथून पुढे जाते. पुढची वाट बुजली की मागच्या बांधीत पाणी तुंबते. तुंबलेले पाणी फार दिवस राहिले की पीक सडते. पायातील तुंबलेल्या लसीकेचेही तसेच आहे. तिच्यातील प्रथिनांमुळे त्वचेखाली हळूहळू तंतू तयार होतात, कातडी जाड व खरबरीत होते, घड्या पडतात आणि त्या घड्यांत जंतू व बुरशी यांना आसरा मिळतो.

हत्तीरोग आणि आपला जिल्हा

हत्तीरोगाला प्राचीन वैद्यकात ‘श्लीपद’ म्हटले आहे. जेथे जुने साठलेले पाणी विपुल आहे आणि सर्व ऋतूंत गारवा टिकतो, अशा प्रदेशांत हा रोग विशेषत्वाने आढळतो, असे निरीक्षण सुश्रुतसंहितेत नोंदलेले आहे. डासांमुळे रोग पसरतो हे त्या काळी ठाऊक नव्हते. परंतु रोग आणि साठलेले पाणी यांचा संबंध मात्र अचूक टिपला गेला होता. वैनगंगेच्या खोऱ्यातील आणि माजी मालगुजारी तलावांच्या आपल्या जिल्ह्याला हे वर्णन विचार करावयास लावणारे आहे. अर्थात, दोष स्वच्छ तलावांचा नव्हे. या रोगाचा वाहक असलेला क्युलेक्स जातीचा डास प्रामुख्याने घाण पाण्यात वाढतो. तुंबलेली गटारे, शौचालयाची उघडी टाकी, घरामागचे सांडपाण्याचे डबके ही त्याची जन्मस्थाने.

बाधित डासांच्या वारंवार दंशांतून सूक्ष्म कृमी शरीरात शिरतात आणि लसीकावाहिन्यांत वस्ती करतात. तेथे ते कित्येक वर्षे जगतात. लागण बहुधा लहान वयात होते आणि पाय सुजलेला दिसतो तो ऐन उमेदीत किंवा उतारवयात. म्हणून “आत्ताच कोठून झाला?” या प्रश्नाचे उत्तर बऱ्याचदा रुग्णाच्या बालपणात असते. पुरुषांत हाच रोग अंडवृद्धीच्या रूपानेही प्रकटतो. अंडवृद्धीवर कोणत्याही प्रकारची मालीश करू नये. तिच्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे.

भारतात हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ पासून चालू आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगाच्या निदानावर दीर्घकाळ संशोधन झाले. सामुदायिक औषधोपचार मोहिमेत घरोघरी डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्या दिल्या जातात. त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन देण्याची तिहेरी औषधयोजना २०१९ च्या सुरुवातीस शेजारच्या नागपूर जिल्ह्यात राबविण्यात आली. २०२७ पर्यंत या रोगाचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट देशाने ठेवले आहे. आरोग्य कर्मचारी दारी आले म्हणजे गोळ्या काही खाल्ल्यानंतर त्यांच्यासमोरच घ्याव्यात. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना त्या देत नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या गोळ्यांमुळे रक्तातील कृमींची पिले नष्ट होतात आणि पुढील पिढीचा बचाव होतो. पण ज्या लसीकावाहिन्या आधीच निकामी झाल्या आहेत, त्या गोळ्यांनी पूर्ववत होत नाहीत. गोळी घेऊनही पाय उतरला नाही, म्हणून औषध खोटे असा निष्कर्ष अनेक जण काढतात. तो बरोबर नाही. सुजलेल्या पायाची निगा हे त्यापुढचे, रोजचे आणि आयुष्यभराचे काम आहे. मालिशीचा विचार करावयाचा तो त्या निगेचा एक भाग म्हणून.

मालिशीची ही पद्धत कोठून आली?

एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश दांपत्याने १९३० च्या दशकात फ्रान्समधील कान येथे काम करीत असताना ही पद्धत विकसित केली आणि १९३६ मध्ये पॅरिस येथे ती लोकांसमोर मांडली. मानेच्या ग्रंथी सुजलेल्या, वारंवार सर्दी होणाऱ्या रुग्णांवर त्यांनी हलक्या हाताचे प्रयोग केले होते. त्या काळी सुजलेल्या ग्रंथींना हात लावणे वैद्यकाला मान्य नव्हते. पुढे जर्मनीत मायकेल फोल्डी या वैद्यांनी या मालिशीला दाबपट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड देऊन उपचारांची चतुःसूत्री घडविली. जगभरातील लसीकाशोथाचे उपचार आज मुख्यतः याच चतुःसूत्रीवर चालतात. आपल्या देशात केरळमधील कासरगोड येथील उपयोजित त्वचाविज्ञान संस्थेने हत्तीपायाच्या रुग्णांसाठी धुणे, आयुर्वेदीय उपचार, योगासने आणि दाबपट्टी यांचा मेळ घालण्याचे काम केले आहे.

आपण ज्याला मालीश म्हणतो तिच्याशी या पद्धतीचे फारसे साम्य नाही. आपल्या मालिशीत तेल असते, जोर असतो, रगडणे आणि तुडवणे असते. लसीकेच्या मालिशीत हे सारे वर्ज्य आहे. त्वचेलगतच्या लसीकावाहिन्या अतिशय नाजूक असतात; जोराने दाबल्या तर त्या मिटतात. म्हणून तान्ह्या बाळाच्या गालावरून हात फिरवावा इतक्याच दाबाने त्वचा हळुवार ताणावयाची आणि सोडावयाची असते. बहुधा तेलही लावीत नाहीत, कारण हात घसरला तर त्वचा ताणली जात नाही.

दुसरा फरक क्रमाचा. सूज पावलावर असली तरी आरंभ पावलापासून होत नाही. आधी धड आणि जांघ, मग मांडी, मग गुडघा, पोटरी आणि सर्वांत शेवटी पाऊल. बांधीचे उदाहरण येथेही लागू पडते. वरच्या बांधीतले पाणी काढावयाचे तर आधी खालची वाट मोकळी करावी लागते. नाहीतर पाणी ढकलले तरी जाणार कोठे?

फायदा किती आणि कोणाला?

या मालिशीचा सर्वांत चांगला अभ्यास स्तनाच्या कर्करोगानंतर हातावर येणाऱ्या सुजेबाबत झाला आहे. शस्त्रक्रियेत काखेतील ग्रंथी काढल्या जातात किंवा किरणोपचाराने त्या निकामी होतात, तेव्हा तो हात सुजतो. या विषयावरील प्रयोगांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. केवळ दाबपट्टीने सूज साधारण ३० ते ३८ टक्के उतरली. दाबपट्टीच्या जोडीला ही मालीश केल्यास आणखी सुमारे ७ टक्क्यांची भर पडली. सूज सौम्य ते मध्यम असताना हा लाभ अधिक दिसला. मालीश सुरक्षित आहे, असेही त्या आढाव्यात आढळले.

या आकड्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. मोठे काम दाबपट्टी करते, मालीश तिला हातभार लावते. मालिशीनंतर पट्टी किंवा दाबमोजा घातला नाही तर उतरलेली सूज काही तासांत परत येते. म्हणून केवळ मालिशीच्या दहा बैठकांचे पैसे घेणाऱ्या आणि पट्टीचा विषयही न काढणाऱ्या ठिकाणी फार आशेने जाऊ नये. हत्तीपायातही लसीकामार्गच अडलेला असल्याने हीच तत्त्वे लागू होतात. मात्र कातडी लाकडासारखी कठीण झालेली असेल तर सूज थोडीच उतरते. तेथे मुख्य लाभ त्वचा मऊ होणे, पाय हलका वाटणे आणि सांधे मोकळे होणे हा असतो.

वजन घटते, शरीरातील ‘विषारी द्रव्ये’ निघून जातात, चेहरा उजळतो, अशा जाहिरातींना वैद्यकीय आधार नाही. निरोगी माणसाच्या लसीकेला बाहेरच्या मदतीची गरज नसते. त्यासाठी रोजचे अर्धा तास चालणे पुरेसे आहे.

ज्या पायाला मालीश करू नये

हा भाग शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने लक्षपूर्वक वाचावा.

*एकाच पायाची अचानक आलेली सूज.* मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेले एक सत्तरीचे गृहस्थ तीन आठवडे अंथरुणावर होते. डावी पोटरी दोन दिवसांत टरारून फुगली, स्पर्शाला गरम लागू लागली. मुलांनी मालीश करणाऱ्याला दुसऱ्या दिवशीची वेळ देऊन ठेवली होती. ती रद्द करावयास सांगून मी त्यांना सोनोग्राफीच्या डॉपलर तपासणीसाठी त्याच दिवशी नागपूरला पाठविले. खोल शिरेत रक्ताची गाठ निघाली. अशा पोटरीवर हात चालविल्यास गाठ सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. अंथरुणावर खिळलेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे किंवा लांबचा प्रवास करून आलेले वृद्ध यांच्या बाबतीत ही शंका आधी घ्यावी.

*हृदयविकाराची सूज.* दोन्ही पायांवर सूज, थोडे चालताच धाप, रात्री सपाट निजले की जीव घाबरणे आणि दोन-तीन उशा लागणे ही दुबळ्या हृदयाची लक्षणे आहेत. पायातील पाणी हाताने वर लोटले तर त्याचा भार त्याच थकलेल्या हृदयावर पडतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांनाही हाच नियम. पायाला गुंडाळून हवेच्या दाबाने आवळणारी यंत्रे घरपोच विकली जातात. त्यांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे, कारण यंत्राला रुग्णाची धाप कळत नाही.

*लाल, गरम, दुखरा पाय आणि ताप.* हत्तीपायाच्या रुग्णांत असा झटका वारंवार येतो. हुडहुडी भरते, जांघेत गोळा येतो, पाय लालबुंद होतो. रोवणीच्या दिवसांत अशा रुग्ण मी दरवर्षी पाहतो. चिखलात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडीला भेगा पडतात आणि तेथून जंतू आत शिरतात. घरी मोहाचे किंवा जवसाचे तेल गरम करून चोळलेले असते. त्याने जंतुसंसर्ग पसरण्यास मदतच होते. अशा वेळी मालीश, शेक, व्यायाम आणि पट्टी हे सर्व बंद ठेवावे. पाय उंच ठेवून विश्रांती, साध्या थंड पाण्याच्या घड्या, भरपूर पाणी, तापासाठी पॅरासिटामोल आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडून जंतुनाशक औषध घ्यावे. झटका पूर्ण ओसरल्यावरच नेहमीची निगा पुन्हा सुरू करावी.

*इतर काही प्रसंग.* कर्करोगाचे उपचार चालू असतील तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज मालीश करू नये. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना चटका बसलेला कळत नाही, म्हणून गरम तेल टाळावे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांची कातडी हलक्या दाबानेही काळीनिळी पडते. वृद्धांच्या मानेच्या दोन्ही बाजूंवर तर अननुभवी हाताने मुळीच दाब देऊ नये. तेथे हृदयाची गती नियंत्रित करणारे संवेदनशील केंद्र असते आणि त्यावर दाब पडल्यास भोवळ येऊन माणूस कोसळू शकतो.

सुजेची घरगुती ओळख

निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते. तरी घरच्या माणसांनी काही गोष्टी पाहून ठेवल्या तर डॉक्टरांचे काम सोपे होते.

सूज एका पायावर आहे की दोन्ही, हे पाहावे. दोन्ही पायांची सूज बहुधा हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तातील प्रथिनांची कमतरता किंवा औषधे यांच्याशी निगडित असते. रक्तदाबासाठी दिली जाणारी अ‍ॅम्लोडिपिन ही गोळी कित्येकांच्या घोट्यांवर सूज आणते. ती परस्पर बंद न करता डॉक्टरांना दाखवावी. गोळी बदलली की सूज आपोआप उतरते आणि मालिशीचा प्रश्नच उरत नाही.

नडगीवर अंगठ्याने दहा सेकंद दाबून पाहावे. खोल खळगा पडून तो काही वेळ टिकला तर पाणी साठले आहे असे समजावे. नंतर पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडीची चिमूट घेऊन पाहावी. चिमटीत कातडी येतच नसेल, ती जाड व घट्ट लागत असेल, तर लसीकामार्गाच्या अडथळ्याची दाट शक्यता असते. शिवाय सकाळी उठल्यावर सूज उतरते की तशीच राहते, पूर्वी ताप-थंडीचे झटके येऊन गेले का, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, हे एका कागदावर लिहून न्यावे.

मालिशीआधी पाय धुवावा

हत्तीपायाच्या रुग्णांसाठी कोणता एक उपाय सांगाल, असे मला कोणी विचारले तर मी मालिशीचे नाव घेणार नाही. पाय धुण्याचे घेईन. ताप-थंडीचा प्रत्येक झटका उरल्यासुरल्या लसीकावाहिन्यांची हानी करतो आणि पाय आणखी एक पायरी जाड होतो. झटके थांबले की वाढ थांबते. झटके थांबविण्यासाठी जंतूंचा प्रवेश बंद करावा लागतो, आणि तो साबण-पाण्याने होतो.

रोज एकदा, शक्य असल्यास दोनदा, साध्या पाण्याने आणि साध्या साबणाने पाय धुवावा. गरम पाणी नको, घासणी नको. बोटांच्या बेचक्या आणि कातडीच्या घड्या बोटाने हळुवार साफ कराव्यात. स्वच्छ, मऊ सुती कापडाने टिपून कोरडे करावे. बेचक्या ओल्या राहिल्या तर धुण्याचा उपयोग नाही. चिखल्या असतील तेथे डॉक्टरांनी सांगितलेले बुरशीनाशक मलम लावावे. नखे सरळ व बेताने कापावीत. दिवसा बसताना पाय स्टुलावर आणि रात्री उशीवर ठेवावा. टाच उचलणे, घोटा गोल फिरवणे असे सोपे व्यायाम दिवसातून तीन-चार वेळा करावेत. अनवाणी फिरू नये. पट्टा न रुतणारी, पुढून सैल चप्पल वापरावी.

अनेक वर्षे विड्या वळणाऱ्या एका स्त्रीला पावसाळ्यात तीन-चार वेळा तापाने झोपावे लागे. तिच्या सुनेने हा क्रम नेमाने सुरू केला. दुसऱ्या पावसाळ्यात एकच झटका आला आणि तिची मजुरी बुडाली नाही. पाय पूर्वीच्या मापाचा झाला नाही. पण तो वाढावयाचा थांबला. या रोगात हे यश लहान नव्हे.

घरी मालीश करावयाची झाल्यास

कारण निश्चित झाले, डॉक्टरांनी अनुमती दिली आणि प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञाने एकदा हात धरून शिकविले, तर घरच्या माणसाला ही मालीश रोज पंधरा-वीस मिनिटे करता येते. पाय धुऊन कोरडा झाल्यावर रुग्णाला आडवे निजवावे व पाय उशीवर घ्यावा. प्रथम पोट फुगवून पाच-सहा संथ, खोल श्वास घेण्यास सांगावे. मग जांघेत सपाट तळव्याने हलकेच गोलाकार त्वचा ताणावी. त्यानंतर मांडीचा वरचा भाग, मग खालचा, गुडघ्याची मागची बाजू, पोटरी आणि शेवटी पाऊल, असे टप्पे घ्यावेत. प्रत्येक वेळी ताण जांघेच्या दिशेनेच द्यावा. त्वचा लाल झाली किंवा दुखले तर जोर जास्त झाला असे समजावे. मध्येच धाप लागली, छातीत दुखले, पाय गरम वाटला किंवा थंडी वाजली तर ताबडतोब थांबावे आणि डॉक्टरांना कळवावे.

मालीश संपताच दाबपट्टी बांधावी किंवा दाबमोजा चढवावा. मुरगळलेल्या पायाला बांधण्याची साधी क्रेप पट्टी आणि लसीकाशोथाची कमी ताणली जाणारी पट्टी यांत फरक आहे. कोणती वापरावयाची आणि किती घट्ट बांधावयाची हे शिकून घ्यावे. मधुमेही आणि दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या व्यक्तींच्या पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या असू शकतात. त्यांच्या पावलाची नाडी तपासल्याशिवाय पट्टी बांधणे धोक्याचे आहे. बोटे निळसर पडली, थंड किंवा बधिर झाली तर पट्टी तत्काळ सोडावी. पाय उतरतो आहे की नाही हे डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. घोट्यावर, पोटरीवर आणि गुडघ्याखाली ठरलेल्या जागी दर आठवड्याला एकाच वेळी फीत लावून माप वहीत लिहावे.

मदत कोठे मिळेल?

हत्तीरोगाची नोंद, तपासणी, औषधे आणि पायाची निगा राखण्याचे मार्गदर्शन यांसाठी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी. या कृमींची पिले रक्तात रात्री दिसतात. म्हणून आरोग्य कर्मचारी रात्री घरी रक्तनमुना घेण्यास आले तर संशय न धरता सहकार्य करावे. अंडवृद्धीच्या शस्त्रक्रियेसाठीही आरोग्य केंद्रातच विचारावे. योग्य रुग्णालयाचा मार्ग तेथून मिळतो.

शेवटी एक विनंती कुटुंबीयांना. आपल्याकडील वृद्ध स्त्रिया सुजलेला पाय लुगड्याआड झाकतात आणि पुरुष अंडवृद्धी धोतराआड. मुलामुलींची लग्ने अडतील या भीतीने कित्येकांनी हे दुखणे वर्षानुवर्षे लपविले आहे. हा रोग स्पर्शाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही आणि तो वंशपरंपरेने येत नाही. म्हणून या आठवड्यात घरातील आजी-आजोबांना आपण होऊन विचारावे आणि त्यांची अनुमती घेऊन दोन्ही पाय उजेडात, बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाहावेत. सूज आढळली तर तेलाची वाटी बाजूला ठेवावी, पाय स्वच्छ धुऊन कोरडा करावा आणि त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जावे. मालीश करावी की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल.